तेलविहिरी असलेल्या जमिनीवर घर बांधायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही टेक्सासमध्ये जमीन घेतली तेव्हा तिच्यावर दोन पंपजॅक (तेल उपसणारे, वरखाली हलणारे पंप) होते, एक टँक बॅटरी (तेल-पाण्याच्या टाक्यांचा गट) होती आणि मागच्या कोपऱ्यात खारं पाणी परत खाली सोडायची एक डिस्पोजल विहीर. एकरी भाव आजूबाजूपेक्षा कमी का, ते प्रत्यक्ष बघायला गेल्यावरच कळलं. घर बांधून आता चार वर्षं झाली, व्यवस्थित राहतोय, पण त्याआधी दीड वर्ष नुसती कागदं शोधणं, माणसं गाठणं आणि ठरवलेली जागा दोनदा बदलणं यात गेलं. आता ओळखीतले बरेच मराठी लोक शहराबाहेर पाच-दहा एकर बघायला लागलेत आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. नियम बहुतेक टेक्सासचे आहेत, दुसऱ्या राज्याचं जिथे आहे तिथे तसं सांगितलंय. सही करायच्या आधी ऑइल-गॅसचं काम करणारा वकील गाठाच, घराची नेहमीची कागदपत्रं करणारा नाही, हेच काम करणारा.

अशा जमिनीवर घर बांधता येतं का मुळात?

हो, येतं. हजारो लोक राहतात. पण साध्या प्लॉटवर आपण आधी घर कुठे छान दिसेल ते बघतो आणि मग बाकीचं, इथे उलटं करावं लागतं. आधी जमिनीखाली काय आहे, कागदावर काय आहे, वारा कुठून येतो, पाणी कुठे उतरतं हे सगळं नकाशावर मांडायचं आणि त्यातून जी जागा उरेल तिथे घर. लोक पंपजॅकला घाबरतात कारण तो डोळ्यासमोर वरखाली हलत असतो, पण खरं सांगू का, तो सगळ्यात कमी त्रासाचा. त्रास देतात ते न दिसणारे पाइप, आणि खारं पाणी.

जमीन माझ्या नावावर आहे, मग तेलवाले माझ्या जमिनीत हक्काने कसे येतात?

आपल्या लोकांचं घोडं नेमकं इथेच अडतं, कारण भारतात जमिनीखालचं तेल सरकारचं असतं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत जमिनीचे दोन भाग वेगवेगळ्या मालकांकडे असू शकतात, वरचा भाग म्हणजे सरफेस आणि खालचा म्हणजे मिनरल्स. कोणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी जमीन विकताना मिनरल्स स्वतःकडे ठेवलेले असतात, ते मग मुलांना जातात, नातवंडांना जातात, आणि तुम्ही विकत घेता ती फक्त वरची जमीन. आणि टेक्सासमध्ये मिनरलवाल्याचा हक्क वरचढ मानतात, म्हणजे तेल काढायला जेवढी जमीन वाजवीपणे लागेल तेवढी, रस्ता, पाइप, टाक्या, हे सगळं तो तुमची परवानगी न घेता वापरू शकतो. ओक्लाहोमात १९८२ पासून सरफेसवाल्याला नुकसानभरपाई द्यायचा कायदा आहे. टेक्सासमध्ये तसा कायदा नाही.

थोडा आधार आहे तो कोर्टाच्या एका निकालाचा. १९७१ साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने गेटी ऑइल विरुद्ध जोन्स या केसमध्ये असं म्हटलं की जमिनीवर आधीपासून जो वापर चालू आहे त्याला तेलवाल्याने, जमत असेल तर, जागा करून द्यायला हवी. जोन्स शेतकरी होता, त्याचे गोल फिरणारे स्प्रिंकलर होते आणि उंच पंप मध्ये आल्यामुळे ते फिरेनात, तर पंप खड्ड्यात बसवता येतो ना, मग बसवा, अशी ती भानगड. यातला कळीचा शब्द 'आधीपासून'. उभं असलेलं घर म्हणजे चालू वापर, तुमच्या डोक्यातलं किंवा आर्किटेक्टच्या कागदावरचं घर नाही. म्हणून स्लॅब ओतायच्या आधीच लेखी काहीतरी मिळवायचं असतं, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

मिनरल्सही विकत मिळतील का?

बहुतेक वेळा नाही. विचारून बघा जरूर. मिनरल्स नाही मिळाले तरी मिनरलवाले आणि त्यांच्याकडून लीज, म्हणजे तेल काढायचा करार, घेतलेली कंपनी यांच्याकडून 'सरफेस वेव्हर' मागता येतो, म्हणजे घराच्या आसपासच्या ठरावीक तुकड्यात आम्ही वरून काही करणार नाही, खाली जायचं तर दुसरीकडून तिरकं ड्रिल करू, असं लिहून देणं. टेक्सासमध्ये मोठ्या कॉलनी उभारणारे बिल्डर हा घेतातच. आम्हाला पूर्ण जमिनीचा नाही मिळाला, तीन एकरांचा मिळाला, आणि ते तीन एकर आम्हाला पुरले.

जमिनीवर नक्की काय काय उभं आहे ते कसं ओळखायचं?

पंपजॅक सगळे ओळखतात. त्याच्यापासून जमिनीखालून एक पाइप निघतो, त्याला फ्लोलाइन म्हणतात, तो टँक बॅटरीला जातो. तिथे एक उभं सिलिंडरसारखं भांडं असतं ते सेपरेटर किंवा हीटर ट्रीटर, त्यात तेल, पाणी आणि गॅस वेगळे होतात. मग उंच टाक्या, काही तेलाच्या, काही पाण्याच्या, आणि त्यांच्याभोवती मातीचा बांध, की टाकी फुटली तर सगळं आतच राहावं. तो बांध नीट बघा. आमच्याकडे एका बाजूने ट्रक घुसवून घुसवून बांध घोट्याएवढा राहिला होता, आणि ती बाजू नेमकी उताराची.

गेटवर किंवा टाकीवर पाटी असते, तिच्यावर ऑपरेटरचं, म्हणजे विहीर चालवणाऱ्या कंपनीचं नाव, लीजचं नाव, नंबर आणि इमर्जन्सी फोन असतो. फोटो काढा. मग टेक्सासच्या रेलरोड कमिशनच्या साइटवर जा. नाव रेलरोडचं असलं तरी २००५ पासून त्यांच्याकडे रेल्वेचं काहीच नाहीये, तेल आणि गॅसचं सगळं तेच बघतात. त्यांचा नकाशा फुकट आहे. तुमची जमीन शोधा, प्रत्येक विहिरीचा ठिपका दिसेल, चालू, बंद, कोरडी, बुजवलेली, डिस्पोजल, सगळ्या. प्रत्येक विहिरीला एपीआय नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, असतो, टेक्सासचा ४२ ने सुरू होतो, ओक्लाहोमाचा ३५ ने. तो नंबर वहीत लिहून ठेवा, पुढची सगळी कागदं त्याच्यावरच निघतात. फक्त एक लक्षात ठेवा, जुन्या विहिरींचे ठिपके नकाशावर आणि जमिनीवर एका जागी असतीलच असं नाही, शंभर-दोनशे फुटांचा फरक सहज असतो.

डिस्पोजल विहीर म्हणजे काय हो, त्यातून तेल निघतं का?

नाही, उलटं. तेलाबरोबर खालून पाणी येतं, आणि विहीर जुनी झाली की एका बॅरल तेलामागे दहा-दहा बॅरल पाणी येणं काही विशेष नाही. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. हे पाणी समुद्रापेक्षाही खारट असू शकतं, काही ठिकाणी कितीतरी पट, शिवाय त्यात तेलाचा अंश, बेन्झीन, बेरियम, कधी रेडियम. ते नदीनाल्यात सोडता येत नाही, म्हणून पंप लावून परत खोल खडकात ढकलतात. ही जी ढकलायची विहीर ती डिस्पोजल विहीर. १९७४ च्या सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्टखाली हिला क्लास २ इंजेक्शन विहीर म्हणतात.

आतली रचना समजून घ्या म्हणजे काय विचारायचं ते कळेल. बाहेर केसिंग नावाचा लोखंडी पाइप आणि सिमेंट, आत ट्यूबिंग नावाचा वेगळा बारीक पाइप, खाली पॅकर नावाचं बूच, आणि पाणी फक्त ट्यूबिंगमधून जातं. ट्यूबिंग आणि केसिंगच्या मधल्या जागेला एक प्रेशर गेज असतो. ट्यूबिंग किंवा पॅकर गळायला लागला की त्या मधल्या जागेचं प्रेशर बदलतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत जायच्या आधी कळायची सोय आहे, जर कोणी गेज बघत असेल तर. किमान दर पाच वर्षांनी प्रेशर टेस्ट करावी लागते. टेक्सासमध्ये एच-१० नावाचा वार्षिक रिपोर्ट असतो, त्यात दर महिन्याला किती बॅरल पाणी सोडलं आणि किती प्रेशरने ते असतं. मी मागच्या दहा वर्षांचे सगळे एच-१० काढून एका शीटमध्ये टाकले. सात वर्षं पाणी साधारण सारखंच, आणि मग अचानक तिप्पट. आमच्या दोन विहिरींतून तेवढं पाणी येणं शक्यच नव्हतं, आणि पाणी कुठे मुरतंय ते तेव्हा समजलं.

म्हणजे बाहेरचं पाणी माझ्या जमिनीत सोडत होते? ते चालतं का?

लीजमध्ये ऑपरेटरला त्याच लीजवरचं पाणी तिथे जिरवायचा हक्क असतो. दुसऱ्या जमिनीवरच्या विहिरींचं पाणी आणून तुमच्या जमिनीत सोडायचं तर सरफेस मालकाची परवानगी लागते, आणि त्याचे बॅरलमागे पैसे ठरवायचे असतात. परमिट असणं ही वेगळी गोष्ट आहे हं, कमिशन परमिट देताना पिण्याचं पाणी सुरक्षित आहे का ते बघतं, जमिनीच्या मालकाशी तुमचा करार आहे का ते तुमचं तुम्ही बघायचं. आमच्या केसमध्ये आधीच्या मालकाने सही केलेला एक जुना करार निघाला, पण त्यात फक्त शेजारच्या एका लीजचं नाव होतं आणि येत होतं चार ठिकाणचं. वकिलाचं एक पत्र गेल्यावर बोलणी झाली.

पैशापेक्षा मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते ट्रक. एका पाण्याच्या ट्रकमध्ये साधारण १३० बॅरल मावतात. रोज हजार बॅरल बाहेरून येत असतील तर सात-आठ ट्रक, भरलेले आत आणि रिकामे बाहेर, रात्री दोन वाजता सुद्धा, रिव्हर्सचा पीं पीं आवाज करत. बेडरूमची खिडकी त्या रस्त्याकडे असती तर आम्ही इथे राहूच शकलो नसतो. नवीन करारात रात्री दहा ते सकाळी सहा ट्रक नाहीत असं लिहून घेतलं.

विहिरीपासून घर किती लांब पाहिजे?

इथे फार गोंधळ आहे. तुम्ही बातम्यांत वाचता ते आकडे, कोलोरॅडोत २,००० फूट, कॅलिफोर्नियात ३,२०० फूट, फोर्टवर्थमध्ये ६०० फूट, हे सगळे नवीन विहीर आधीच्या घरापासून किती लांब हवी याचे आहेत. आधीच्या विहिरीजवळ तुम्ही नवीन घर बांधताय तेव्हा हे तुम्हाला वाचवत नाहीत. इंटरनॅशनल फायर कोड जिथे लागू केलाय तिथे विहीर आणि घर यात १०० फूट अंतर लागतं आणि ते आधीपासूनच्या विहिरीजवळ नवं घर बांधतानाही लागू होतं. टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर गेलात की काउंटीकडे असे अधिकार फारच कमी, म्हणजे कोणी अडवणारच नाही, आणि मला तर हेच जास्त धोक्याचं वाटतं.

माझं मत विचाराल तर १०० फूट म्हणजे काहीच नाही. विहिरीला कधीतरी दुरुस्तीची रिग लागते. तिचा मनोरा शंभर फुटांच्या आसपास उंच असतो, चारी बाजूंना तारा ताणून जमिनीतल्या अँकरना बांधतात, आणि ट्रक, पाइपांचे ढीग, टाक्या यांना सपाट जागा लागते. मनोरा पडला तर कुठपर्यंत पोचेल तेवढं अंतर तरी सोडाच. आम्ही पंपजॅकपासून साधारण ५०० फूट सोडले आणि टाक्यांपासून त्याहून जास्त.

टाक्यांपासून जास्त का?

आकाशातून पडणारी वीज. खारं पाणी स्टील खातं म्हणून पाण्याच्या टाक्या बऱ्याचदा फायबरग्लासच्या असतात, पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो, त्याच्यावर वाफ, आणि फायबरग्लासमधून वीज जमिनीत उतरत नाही. वादळात डिस्पोजलच्या टाक्यांना आगी लागणं हे तेलाच्या भागात राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. जमीन बघायला जाल तेव्हा टाक्यांना अर्थिंगची तार आहे का ते बघा.

जमिनीखालच्या पाइपांचं काय?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि खरं तर पहिला हाच पाहिजे. एप्रिल २०१७ मध्ये कोलोरॅडोतल्या फायरस्टोन गावात एक घर स्फोटात उद्ध्वस्त झालं आणि दोन माणसं गेली. घर नवं होतं, विहीर १९९३ ची, घरापासून दोनशे फुटांच्या आत. विहिरीशी जोडलेला एक जुना, वापरात नसलेला, बारीक पाइप घराच्या पायाजवळ कापला गेलेला होता पण दुसऱ्या टोकाला विहिरीशी तसाच जोडलेला, त्यातून गॅस मातीत मुरत तळघरात शिरला. या गॅसला वास नव्हता. स्वयंपाकाच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, विहिरीच्या गॅसला तो नसतोच. ही घटना वाचल्यावर आम्ही जागा पहिल्यांदा बदलली.

खणायच्या आधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालचे पाइप दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करायचाच, पण त्यावर विसंबून राहू नका. मोठ्या पाइपलाइनवाले येऊन झेंडे लावून जातात, लीजच्या आतल्या फ्लोलाइन, त्यातून जुन्या, त्यांच्या यादीत बऱ्याचदा नसतातच. आम्ही लोखंड शोधणारं मॅग्नेटोमीटर घेऊन जमीन फिरणारा माणूस बोलावला. त्याने एका सकाळी घराच्या जागेतच दोन पाइप काढून दाखवले, त्यातला एक लोखंडी, दोन इंची, जेमतेम फूटभर खोल, एका बाजूला खुरपं लावलं तर गंज पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. ऑपरेटरला विचारलं तर ते म्हणाले आमचा नाही, आधीच्या कंपनीचा असेल. प्लॅस्टिकचे पाइप मॅग्नेटोमीटरला दिसत नाहीत, त्यासाठी जमिनीत रडार सोडणारं मशीन लागतं आणि चिकणमातीत तेही धड चालत नाही, म्हणून शेवटी पायाच्या जागेभोवती सरळ चर खणून बघितला. आणि सापडलेला पाइप स्वतः कापू नका. दोन्ही टोकं कुठे जातात ते कळल्याशिवाय हातच लावायचा नाही.

जुनी बुजवलेली विहीर आहे, तिच्यावर शेड चालेल का?

घर नाही, शेड नाही, स्विमिंग पूल तर अजिबात नाही. बुजवताना केसिंग जमिनीखाली तीन फुटांवर कापतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. ती गळायला लागली तर परत रिग आणून उघडावी लागते, आणि वर बांधकाम असेल तर ते पाडूनच. टेक्सासमध्ये डब्ल्यू-३ नावाचा कागद असतो, त्यात कुठल्या खोलीवर किती सिमेंट टाकलं ते लिहिलेलं असतं. तो मिळाला तर छान. फार जुन्या विहिरी चिखल, लाकडाचे ओंडके, हाताला येईल ते कोंबून बंद केलेल्या आहेत, त्यांचा कागदच नसतो.

दुसरं, 'ऑर्फन' विहीर, म्हणजे जिचा ऑपरेटर दिवाळखोर झाला किंवा गायब झाला. अमेरिकेत नोंद झालेल्या अशा विहिरीच लाखाच्या वर आहेत, २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात त्या बुजवायला ४.७ अब्ज डॉलर ठेवलेत, पण रांग मोठी आहे.

आणि तिसरं, ज्याने लोक खरंच फसतात. तेलासाठी खणलेली विहीर कोरडी निघाली की पूर्वी कंपन्या ती शेतकऱ्याला पाण्यासाठी देऊन टाकायच्या. टेक्सासमध्ये त्याचा पी-१३ असा फॉर्म आहे. त्यावर सही झाली की पुढे ती बुजवायची जबाबदारी जमिनीच्या मालकावर येते, म्हणजे उद्या तुमच्यावर. पश्चिम टेक्सासमध्ये पेकॉस काउंटीत अशाच एका विहिरीतून इतकं खारं, हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचं पाणी वाहत राहिलं की त्याचं तळं झालं, लेक बोमर म्हणतात त्याला. जमिनीवर 'पाण्याची जुनी विहीर' आहे असं एजंट म्हणाला तर ती मुळात कशासाठी खणली होती ते विचाराच.

एका जागी काहीच उगवत नाही आणि पांढरट दिसतं, ते काय?

मीठ. आधी कधीतरी तिथे खारं पाणी सांडलेलं असतं किंवा जुना मिठाच्या पाण्याचा खड्डा असतो. आमच्याकडे अगदी घर ठरवलं होतं तिथून वीस पावलांवर असा पट्टा होता, आम्ही आधी उन्हाने करपलं असेल म्हणून सोडून दिलं. पाऊस पडून गेल्यावर बघितलं तर वर साखर भुरभुरल्यासारखी पूड, आणि खालची माती साबणासारखी बुळबुळीत, बुटाला चिकटून निघेना. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली जिरतच नाही. नुसतं गोडं पाणी मारून ती सुधारत नाही, जिप्सम घालावं लागतं आणि पाण्याला खाली निघून जायला वाट लागते, नाहीतर माती काढून टाकायची. आणि अशा मातीवर पाया घालायचा नाही म्हणजे नाही, क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळया गंजवतं. मातीची क्लोराइड आणि सोडियमची टेस्ट महाग नसते. आमची जागा दुसऱ्यांदा बदलली ती या रिपोर्टमुळे.

सडक्या अंड्यासारखा वास येतो, काळजीचं आहे का?

हो. तो हायड्रोजन सल्फाइड. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, पण १०० पीपीएमच्या (दहा लाखात शंभर भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, आणि नेमकी तीच पातळी जीवाला धोक्याची मानतात. म्हणजे वास गेला याचा अर्थ गॅस गेला असा कधीच धरू नका. हवेपेक्षा जड असतो त्यामुळे खोलगट जागेत साठतो, म्हणून घर टाक्यांच्या खालच्या बाजूला किंवा ओढ्याच्या खोलात नको. टाकीच्या झाकणात वाकून बघायचं नाही, कोणीही, कधीही, त्यात माणसं जागच्या जागी गेली आहेत. ऑपरेटरला सरळ विचारा की इथे सल्फाइड किती आहे, टेक्सासमध्ये ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर त्याला पाटी आणि आपत्कालीन योजना ठेवावी लागते.

पिण्याच्या पाण्याचं काय करायचं?

जमीन घ्यायच्या आधी बोअरचं पाणी सर्टिफाइड लॅबकडून तपासून घ्या, आणि सँपल लॅबच्याच माणसाला घेऊ द्या, म्हणजे उद्या कोणी तुमच्या बाटलीवर शंका घेणार नाही. क्लोराइड, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड, मिथेन, आणि बेन्झीनचा गट. ईपीए, म्हणजे अमेरिकेचं पर्यावरण खातं, त्याच्या हिशोबात क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत, टीडीएस ५०० पर्यंत, दोन्ही लिटरमागे, आणि बेन्झीन ५ पीपीबीच्या (अब्जात पाच भाग) वर नको. आजचा रिपोर्ट चांगला आला तरी तो जपून ठेवायचा, कारण पाच वर्षांनी पाणी खारट झालं तर आधी गोड होतं हे दाखवायला दुसरं काहीही नसेल. आम्ही दरवर्षी त्याच महिन्यात करतो. नवी बोअर उताराच्या वरच्या बाजूला घ्या.

भूकंपाची भीती खरी आहे का?

काही भागांत खरी आहे. ओक्लाहोमात २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पॉनीला ५.८ चा झाला, आणि त्या काळातले भूकंप खोलवर सोडलेल्या पाण्याशी जोडलेले आहेत हे शास्त्रज्ञांनी दाखवलंय. प्रत्येक डिस्पोजल विहिरीजवळ होत नाहीत, किती पाणी, किती प्रेशर, खाली फॉल्ट, म्हणजे खडकातली भेग, आहे का यावर असतं. नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये भूकंप नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

लोन आणि इन्शुरन्स मिळतो का?

एफएचए लोनला (सरकारी हमी असलेलं घरकर्ज) चालू विहिरीपासून ७५ फुटांच्या आत नवं घर सहसा चालत नाही. बाकी बँका आपापलं ठरवतात, काही जण टाक्या बघूनच नाही म्हणतात, म्हणून आधी विचारा. इन्शुरन्सच्या पॉलिसीत प्रदूषण बहुतेक वेळा वगळलेलं असतं, म्हणजे टाकी फुटून तुमच्या अंगणात खारं पाणी आलं तर ते ऑपरेटरकडून वसूल करायचं. टायटल पॉलिसीतही (मालकी हक्काचा इन्शुरन्स) मिनरल्स वगळतात, तिथे पुढच्या नुकसानीसाठी वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला पुरवणी, मिळतं का ते विचारा.

ऑपरेटरकडून काय लिहून घ्यायचं?

एक सरफेस यूज ॲग्रीमेंट. नवीन पाइप कुठून जाईल ते नकाशावर, बंद पाइप काढून टाकायचे किंवा साफ करून दोन्ही टोकं बंद करायची, टाक्यांभोवती कुंपण, गळती झाली तर चोवीस तासांत आम्हाला फोन, बाहेरच्या पाण्याबद्दल स्पष्ट वाक्य, आणि कंपनी विकली तरी हे नव्या मालकावर बंधनकारक. शेवटचं विसरू नका, लहान विहिरी दर काही वर्षांनी हात बदलतात. काउंटीत रजिस्टर करा. ते सही का करतील असं वाटतं ना? त्यांनाही घराजवळ भांडण नको असतं, आणि तुम्ही त्यांच्या रस्त्याचं गेट नीट ठेवणार असाल तर बरेच जण ऐकतात. आमच्याशी तरी माणसं सरळ वागली, फक्त सगळं लेखी मागायला लागलं.

घरात लहान मुलं आहेत, काय काळजी घेऊ?

पंपजॅक आपोआप सुरू होतो, टायमरवर असतो, बंद दिसला म्हणजे बंद आहे असं नाही. त्याचं वजनदार काउंटरवेट जमिनीपासून थोडंसंच वरून फिरतं. कुंपण घालाच, करारात असो नसो. आणि तेलाच्या भागात जुन्या पाइपांचीच कुंपणं नि झोपाळे करायची पद्धत आहे, त्या पाइपांच्या आत कधी कधी रेडियम असलेला कडक थर बसलेला असतो, म्हणून ग्राइंडर लावायच्या आधी मीटरने तपासून घ्या.

ही सगळी माहिती कागदावर मिळाली नाही तर कोणाला विचारू?

पंपरला. रोज सकाळी एक माणूस पिकअप घेऊन येतो, टाकीवर चढून पट्टी सोडून तेल मोजतो, गेज बघतो, वहीत लिहितो आणि जातो, तो पंपर. ऑफिसातल्या कोणाहीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. आमचा पंपर सव्वीस वर्षं त्याच विहिरींवर होता. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी थंड पाण्याची बाटली दिली आणि घर कुठे बांधायचा विचार आहे ते बोटाने दाखवलं. तो काही बोलला नाही, चालत गेला, दोन झाडांच्या मध्ये उभा राहिला, बुटाने माती उकरली आणि म्हणाला, इथे जुना खड्डा होता, मी आलो त्याच वर्षी बुजवला. ना कमिशनच्या नकाशावर होता, ना कराराच्या कुठल्या पानावर. आमच्या आर्किटेक्टने स्वयंपाकघर नेमकं तिथेच दाखवलं होतं.